हळद लावलेला फोटो

मी डूख धरणारा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करायला नको. फोटोग्राफरचा स्वभाव शांत असावा लागतो म्हणतात, कारण त्याला दुसऱ्याचं तोंड नीट होईपर्यंत ताटकळत बसावं लागतं. मी ताटकळू शकतो. एका खोताच्या तोंडासाठी मी कितीतरी वर्षं ताटकळलो.

एकोणीसशे विसाच्या दशकात रत्नागिरीत फोटोग्राफर म्हणजे आम्ही दोघेच. एक वयानं मोठे होते. लाकडी तिकाटणं, डोक्यावर काळं कापड आणि काचेच्या प्लेटा असा त्यांचा थाट. दुसरा मी. माझा स्टुडिओ म्हणजे आमच्या घराची पुढची पडवी. मागे एक रंगवलेला पडदा होता, त्यावर संगमरवरी जिना आणि दोन हंस. पाट्या रंगवणाऱ्यानं तो काढलेला, त्यामुळे हंस बदकासारखे दिसत. उन्हाच्या बाजूला आईचं जुनं पांढरं लुगडं ताणून बांधलेलं असायचं, उजेड मऊ व्हावा म्हणून.

मला काचेच्या प्लेटांचा मनापासून कंटाळा होता. त्यांचं ओझं किती! पूर्णगडला एका लग्नासाठी मी प्लेटांची पेटी डोक्यावर घेऊन गेलो होतो, आणि किल्ल्याखालच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर पाय घसरून सगळं लग्न चिऱ्यावर फुटलं. त्यानंतर मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्याकडून मी घडीचा कॅमेरा विकत घेतला, फिल्मचा. पहिला रोल हातात धरला तेव्हाच मी तिच्या नादी लागलो. फिल्म खिशात मावते, होडीत भिजत नाही, आपटली तरी हसत राहते. वेळणेश्वरच्या शिवरात्रीला देवळासमोर उभं राहून मी दिवसभर फोटो काढले आणि संध्याकाळी सगळी जत्रा कोटाच्या खिशात घालून परत आलो. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, झुरळं तिच्यावरचा थर खातात, म्हणून मी रोल पत्र्याच्या डब्यात, ओल ओढून घेणाऱ्या कळीच्या चुन्याजवळ ठेवायचो. आई म्हणायची, "सून आणलीस तर तिलासुद्धा एवढं जपायचा नाहीस."

त्या वेळच्या फिल्मची एक खोड मात्र होती. तिला लाल रंग दिसत नसे. म्हणून तर ती लाल दिव्याच्या उजेडात धुता यायची. पिवळाही धड दिसत नसे. आणि जे तिला दिसत नाही, ते ती काळं दाखवायची. कुंकू काळं, पान खाल्लेले ओठ काळे. एकदा एका व्यापाऱ्यासाठी पिकलेल्या हापूसच्या अढीचा फोटो काढला, तर पेंढ्यात कोळसे भरून ठेवल्यासारखे दिसले. व्यापारी माझ्या अंगावर धावून आला होता.

आता खोताचं सांगतो. तो गावातला बडा बागायतदार. आंब्याच्या बागा, खाडीकाठची भाताची जमीन, चिरेबंदी घर, आणि ओटीवर सदानकदा पाच-सहा हांजी हांजी करणारे. स्वतः लालबुंद गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. ह्या गोरेपणाचा त्याला इतका गर्व की जणू तो त्यानं स्वतः बागेत पिकवला होता. त्याचा मुलगा मुंबईला नोकरीत होता. त्याच्यासाठी मुली सांगून येत होत्या, आणि एका मध्यस्थानं आमच्या बहिणीचं नाव काढलं.

माझी ही एकच बहीण, माझ्याहून धाकटी. वडील लवकर गेले, त्यामुळे तिचं लग्न माझ्याकडेच. ती काही फार गोरी नव्हती, पण निमगोरी, तजेलदार, आणि हसली की समोरच्याला हसू यायचं. खोतानं निरोप दिला की मुलगी बघायला नंतर येऊ, आधी फोटो पाठवा. हा तेव्हा नवाच प्रकार होता. मला तर अभिमान वाटला. घरात फोटोग्राफर, आणि पहिला फोटो पाठवायचा तो आपल्याच बहिणीचा!

फोटोच्या दिवशी आईनं तिला सकाळीच मागच्या दारी बसवलं आणि साईत हळद कालवून तिच्या तोंडाला, गळ्याला, हातांना चोळली. आपल्याकडे कुठली आई हे करणार नाही? तोंड धुतल्यावरही हळदीची पिवळी झाक राहते, आणि डोळ्यांना ते तेज वाटतं. मलाही तेजच वाटलं. मला कोणी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. पडद्यासमोर तिला बसवलं, रोलमधलं शेवटचं चित्र तिच्यासाठी राखून ठेवलं होतं, ते काढलं.

कोठीच्या खोलीत, कंदिलाला तांबडं कापड गुंडाळून मी फिल्म धुतली. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा यावा लागतो, मग तो कागदावर उजळ उतरतो. तिचा चेहरा निगेटिव्हमध्ये पाण्यासारखा कोरा होता. मी बाहेर येऊन ओरडलो, "हिला तोंडाला काय लावलं होतं?"

आई म्हणाली, "हळद लावली हो जराशी. का रे?"

कागदावर माझी बहीण तव्याच्या बुडासारखी काळी आली होती. फक्त डोळे आणि दात पांढरे. दुसरा रोल मुंबईहून बोटीनं यायचा, आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद होऊन बसल्या होत्या. मध्यस्थ तर रोज दारात येऊन बसत होता. मी ठरवलं, फोटो स्वतःच घेऊन जावा आणि काय घडलं ते तोंडानं सांगावं. माणसं आहेत, समजून घेतील.

खोत ओटीवर झोपाळ्यावर बसला होता. मंडळी सगळी हजर. मी फोटो दिला आणि म्हणालो, "खोतसाहेब, हिला हळद लावली होती. ह्या फिल्मला हळद काळी दिसते. मुलगी अशी नाही. कृपा करून एकदा बघायला या."

त्यानं फोटो लांब धरून बघितला. मग माझ्याकडे. "फोटो खोटं बोलतो काय रे?"

"बोलतो कधीकधी."

"मग तुझा धंदाच खोटा," तो म्हणाला, आणि फोटो शेजारच्याकडे दिला. तो हातोहात फिरला. शेवटी त्यांच्यातल्या एकानं तो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "अहो, दिवा लावा कोणीतरी. मुलगी दिसत नाय!"

सगळी ओटी हसली. खोत झोपाळ्यावर मागे रेलून, पोट धरून हसला. त्याचं ते लाल तोंड मी तेव्हा जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. फोटो माझ्या हातात परत आला तेव्हा त्यावर कोणाच्या तरी अंगठ्याचा चुना लागला होता.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. कदाचितच. पण ओटीवरचा विनोद चार दिवसांत सगळ्या गावात पसरला. विहिरीवर, देवळात, बाजारात. बहिणीला लोक 'कंदील' म्हणायला लागले. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या जवळून. पुढे जी स्थळं आली त्यांना कोणी ना कोणी आधीच गाठून सांगायचं, अहो, ती कंदील होय? एकानंही तिला डोळ्यांनी बघितलं नाही. पाचेक वर्षांनी स्थळं यायची थांबली. आईनं हळदीचा डबा हातात घेतला की तिचे डोळे भरून यायचे. सगळा राग मी खोताच्या खात्यात टाकत गेलो.

बहीण मात्र रडत बसली नाही. ती माझ्याकडे टचिंगचं काम शिकली. निगेटिव्हच्या वरच्या थरावर टोकदार शिसपेन्सिलीनं बारीक ठिपके भरायचे, म्हणजे देवीचे व्रण बुजतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, चेहरा उजळतो. खिडकीत निगेटिव्ह उजेडाकडे धरून ती दिवसभर बसायची. बोटांना शिसं लागलेलं असायचं. खेडपासून राजापूरपर्यंतच्या मुलींचे लग्नासाठी काढलेले फोटो तिच्या हाताखालून गेले, आणि त्यांतल्या कितीतरी तिच्या पेन्सिलीमुळे पसंत पडल्या. मी हे बघत होतो आणि दात खात होतो.

फिल्म सुधारत गेली. पुढे मुंबईत पॅनक्रोमॅटिक फिल्म मिळायला लागली. ती सगळे रंग बघते. लाल लालासारखा, पिवळा पिवळ्यासारखा उतरतो, म्हणजे अर्थात काळ्यापांढऱ्यात, पण योग्य त्या छटेत. भिंगापुढे लावायची पिवळी काचही मी आणवली. आता हळद लावलेली नवरीसुद्धा माझ्याकडे नवरीसारखी दिसत होती. पण जुन्या प्रकारच्या फिल्मचा एक रोल मी चुन्याच्या डब्यात मुद्दाम राखून ठेवत असे. जुना झाला की बदलून नवा. बहिणीनं विचारलं तर म्हणायचो, असू दे, लागेल.

लागला. एका वैशाखात खोताची एकसष्टी आली. त्याला मोठा फोटो हवा होता, चांगला हातभर उंच, सोनेरी चौकटीत. आधी एकसष्टीला घरी सगळ्यांसमोर त्याच्यावरचा पडदा काढायचा, आणि मग जूनमध्ये शाळेच्या नव्या सभागृहात टांगायचा, कारण सभागृहाला खोतानं लाकूड दिलं होतं. दुसरे फोटोग्राफर गुडघ्यांनी अंथरुणाला खिळले होते. म्हणून खोताचा माणूस माझ्याकडे आला, आणि पाठोपाठ मीच खोताकडे गेलो.

ओटी तीच, झोपाळा तोच. आणि खोतानं मला ओळखलंच नाही! म्हणजे फोटोग्राफर म्हणून ओळखलं, पण तो फोटो, ती ओटीवरची हसाहस, ती मुलगी, ह्यातलं काही त्याच्या ध्यानातच नव्हतं. आम्ही ज्याच्यावर इतकी वर्षं जळत होतो ते त्याच्या लेखी एका दुपारचं हसणं होतं. खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या मनात थोडी चलबिचल होती. ती त्याच क्षणी संपली.

"फोटो तेजस्वी यायला हवा हो," तो म्हणाला.

"येईल की," मी म्हणालो. "त्या दिवशी सकाळी साईत हळद कालवून तोंडाला चांगली चोळून घ्या. गळ्यालाही. वरवर धुवा, फार घासू नका. तेज बघा कसं येतं."

घरातल्या बायकांनी माना डोलावल्या. हळदीनं तेज येतं हे त्यांना माझ्याकडून शिकायला नको होतं.

फोटो काढायला मी भर दुपारची वेळ धरली. खोत सकाळपासून आंबे उतरवायला बागेत उभा राहून आला होता, उन्हानं कोकमासारखा लाल झाला होता, आणि त्या लालीवर हळदीचा पिवळा मुलामा. डोळ्यांना खरंच भव्य दिसत होता. पिवळी काच मी घरीच ठेवली होती. जुनी फिल्म कॅमेऱ्यात होती. मी त्याला अगदी आदरानं मान वर करायला लावली.

निगेटिव्ह मी बहिणीच्या हातात दिलं. तिनं ते खिडकीत धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. चेहऱ्याच्या जागी पाण्यासारखा कोरा भाग.

"ह्याला हळद कोणी लावलीन?" तिनं विचारलं.

"त्याची त्यानंच."

ती हसली. तशी हसलेली मी तिला कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. मग तिनं पेन्सिल बाजूला ठेवली. "ह्याला मी हात लावणार नाही. आहे तसाच जाऊ दे."

खिडकीच्या झडपेला भोक पाडून सूर्याच्या उजेडावर मी मोठा फोटो करत असे. इतका मन लावून मी कुठलाही फोटो केला नव्हता. एकही ठिपका, एकही ओरखडा नको होता. कामात खोट काढायला कोणाला जागा ठेवायची नव्हती.

एकसष्टीला खोताचं घर माणसांनी भरलं होतं. मुंबईहून मुलगे, सुना, जावई, गावचे मानकरी, ओटीवरची ती जुनी मंडळीही. त्यांच्यातला दिवा मागणारा आता म्हातारा झाला होता, काठी घेऊन पुढेच बसला होता. जावयानं मला विचारलं, आधी एकदा बघू का? मी म्हणालो, आधी बघितल्यावर पडदा काढण्यात मजा काय? खोताला ते पटलं. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल त्याला शंका अशी कधी नव्हतीच.

ओवाळणं झालं, पडदा काढला. सोनेरी चौकटीत पांढरी पगडी होती, पांढरं उपरणं होतं, आणि मध्ये काळाकुट्ट चेहरा, त्यात घारे डोळे गारगोट्यांसारखे पांढरे. मुंबईची एक सून पदर तोंडाला लावून आत पळाली.

"हा कोण?" खोत म्हणाला.

"आपण," मी म्हणालो.

"मी असा आहे?"

"फोटो खोटं बोलतो काय, खोतसाहेब?"

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याला आठवलं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, जसं धुताना कागदावर चित्र वर येतं तसं. दिवा मागणाऱ्या म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं, हा क्षण आला की माझं पोट भरेल. भरलं नाही. आणखी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचा गडी चौकट गोणपाटात गुंडाळून आमच्या पडवीत टाकून गेला. खोतानं गावात सांगितलं की ह्या माणसाकडे कोणी जाऊ नये, आणि बरीचशी गिऱ्हाईकं तुटली. तुटू देत. पण दोन आठवड्यांत बोटी बंद झाल्या, पावसानं घाटही अडला. मुंबईचा, कोल्हापूरचा फोटोग्राफर आता यायचा कुठून? शाळा उघडायची होती, सभागृहाच्या कार्यक्रमाला मोठे अधिकारी येणार होते, आणि भिंतीवर खोतासाठी खिळा ठोकून तयार होता.

तो स्वतः आला. एकटाच, छत्री घेऊन. पायरीवर उभा राहून म्हणाला, "पुन्हा काढ."

"काढतो. पण एक राहिलंय. तेव्हा आपण मुलगी बघायला आला नव्हता. आधी मुलगी बघा."

मला वाटलं, छत्री उगारतो की काय. पण तो तसाच माघारी गेला, आणि पुढच्या उघडिपीला, लख्ख उन्हात, जेवणं आटोपल्यावर परत आला. गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर, त्या दोन हंसांसमोर बसला. कॅमेऱ्यात मी पॅनक्रोमॅटिक फिल्म भरून ठेवली होती, पिवळी काचही लावली होती. फोटो काढायचा की नाही ते मी बहिणीवर सोडलं होतं.

"बोलाव," तो म्हणाला.

ती आली. रोजचंच लुगडं, बोटांना शिसं लागलेलं, आणि हातात पेटलेला कंदील. वात मोठी केलेली. भर दुपारी! आई दारामागे उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. बहीण सरळ खोतासमोर गेली आणि कंदील त्याच्या चेहऱ्याशी धरला.

"मान जरा इकडे करा," ती म्हणाली.

त्यानं केली. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस सांगितलेलं ऐकतो, त्याला दुसरं काही सुचत नाही.

"आता तिकडे. हं. चार पावलं चालून दाखवता?"

खोत उठून उभा राहिला, पण चालला नाही. "मुली," तो म्हणाला, "झालं ते झालं. मी बघितलं तुला. तू काही तशी नाहीस."

"आज हळद नाही ना लावलीत?"

"नाही."

तिनं कंदील आणखी वर केला आणि त्याला नीट बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, निगेटिव्ह बघते तसं, अजिबात घाई न करता. मग माझ्याकडे वळली.

"दादा, ह्यांना सांग, पसंत नाही."

तिनं कंदील खोताच्या हातात दिला, आणि त्यानंही तो घेतला, का घेतला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. "हा तुमच्याच ओटीवरून आमच्याकडे आला होता," ती म्हणाली. "आता परत न्या." आणि खिडकीत जाऊन तिनं अर्धवट राहिलेलं काम हातात घेतलं.

खोत पायऱ्या उतरला. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात पेटलेला कंदील, वर टळटळीत ऊन. दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं दारात येऊन उभी राहिली होती. ती सगळी एकेकाळी माझ्या बहिणीला कंदील म्हणणारी. कंदील विझवावा हेही खोताला सुचलं नाही, तो तसाच पाखाडी उतरत गेला.

कॅमेरा भरलेला होताच. मी दारात गेलो आणि त्याचा फोटो काढला. बहिणीनं त्याला पेन्सिल लावली नाही, लावायची गरजही नव्हती. ऊन, चिऱ्याची पाखाडी, कंदिलाची ज्योत आणि खोताचा चेहरा, नव्या फिल्मवर सगळं आहे तसं आलंय.